तीन नंबरचा झटका

अक्कलकोट रोडवरचं कुंभारी गाव मागं पडलं आणि गाडीनं उचकी दिली.

एखादी उचकी कुणालाही लागते. कुणीतरी आठवण काढली म्हणायचं आणि पुढं जायचं. पण पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली, आणि मग हुडहुडी भरून ताप चढलेल्या माणसासारखी गाडी सबंध अंगानं थरथरायला लागली. सुकन्यानं ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी पुढं जायच्या ऐवजी नुसतीच कण्हली. स्टिअरिंगमागं एक पिवळा दिवा लुकलुकू लागला. त्या दिव्यात इंजिनाचं चित्र आहे असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. सुकन्याला मात्र ती चहाची किटली वाटली, आणि किटली उतू चाललीय असंही वाटलं. मागून सिमेंटच्या ट्रकनं असा हॉर्न दिला की माणसाला आपली राहिलेली सगळी कामं एकदम आठवावीत.

"काही नाही हं पिल्ल्या, काही नाही," ती मागं न बघता म्हणाली. मागच्या सीटवर, पट्ट्यांनी बांधलेल्या आपल्या छोट्या खुर्चीत मायाक्का बसली होती.

मायाक्का म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांपुढं नऊवारीतली, कपाळभर मळवट भरलेली करारी बाई उभी राहील, म्हणून सांगून टाकायला हवं : मायाक्का दहा महिन्यांची होती. आजोबांनी कुलदेवीचं नाव ठेवलं आणि ते उच्चारायला अख्ख्या घरात हिला सोडून सगळे शिकले. ती अंगावर प्यायची. बाटली दिसली की तोंड असं फिरवायची की बाटलीलाच लाज वाटावी. म्हणून सुकन्या तिला रोज सोबत न्यायची. वळसंगच्या हायस्कूलला लागून शिवबाईंचं घर होतं. शिवबाई लेकराला सांभाळायच्या, आणि मधल्या सुट्टीत सुकन्या पळत जाऊन पाजून यायची. एसटीनं एकदा करून बघितलं होतं. त्या दिवशी मायाक्का शेजारच्या प्रवाशावर दोनदा ओकली आणि प्रवासी सुकन्यावर एकदा. तेव्हा हप्त्यावरची ही चिमुकली गाडी आली. गाडी होती म्हणून नोकरी होती, आणि गाडी होती म्हणूनच लेकरू जवळ होतं.

गाडी कडेला घ्यावी, हे तिला सुचलं. पण कडेला घेतली आणि परत सुरूच झाली नाही तर? त्या उन्हात, त्या ट्रकांत, लेकरासकट? त्यापेक्षा चालतंय तोवर चालू द्यावं असं ठरवून ती दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकवत, रस्त्याच्या अगदी काठाकाठानं वळसंगला पोचली. त्या दिवशी आठवीला नेमका इंजिनाचा धडा होता. सुकन्या विज्ञान शिकवायची. फळ्यावर सिलिंडर काढला आणि तिचं लक्ष खिडकीतून गाडीकडं गेलं.

संध्याकाळी गाडी कशीबशी जुळे सोलापुरातल्या सोसायटीत आली, आणि बातमी तिच्याही आधी जिना चढून गेली. पहिल्या मजल्यावरचे महिपतीकाका, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, पायजम्यातच खाली आले. निवृत्त झाल्यापासून काकांना सगळ्याच विषयांचं ज्ञान झालं होतं. नोकरी मध्ये आड येत होती एवढंच.

"पेट्रोलात पाणी," काका बॉनेटकडं न बघताच म्हणाले. "आजकाल सगळीकडं तेच. गाडी उतारावर लावा. नाक खाली, शेपूट वर. पाणी जड, ते एका बाजूला बसतं. साधं विज्ञान आहे, तुम्हाला माहीतच असेल."

तिला माहीत नव्हतं. पण विज्ञानाच्या बाईनं तसं कसं म्हणावं? सोसायटीत उतार एकच, फाटकातला. गाडी तिथं नाक खाली करून लावली. पहाटे पाण्याचा टँकर आला, आणि त्याला आत शिरायला जागाच नव्हती. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झालेले. टँकरवाल्यानं थोडा वेळ हॉर्न दिला आणि पुढच्या सोसायटीत निघून गेला. सुकन्या केस विंचरत खाली आली तेव्हा अख्खी बिल्डिंग रिकाम्या बादल्या घेऊन उभी होती. रिकाम्या बादल्या जे बोलतात तेवढं पुरेसं असतं. महिपतीकाकाही बादली घेऊन त्यांच्यातच उभे होते आणि सगळ्यांत जास्त नाराज तेच होते.

नवरा, अजिनाथ, लातूरकडं पुलाच्या कामावर होता. त्यानं व्हिडिओ कॉल करून मदत केली.

"कॅमेरा इंजिनाकडं धर."

"धरलाय की."

"अगं, ही बॅटरी आहे."

"मग इंजिन कुठाय?"

"सुकन्या, तू विज्ञान शिकवतेस ना?"

यावर द्यायचं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं; पण तेवढ्यात नेटवर्क गेलं आणि अजिनाथ तोंड अर्धवट उघडून पडद्यावर गोठला. तिनं तो गोठलेला नवरा तसाच बॅटरीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत थोडा वेळ उभी राहिली.

राहिले तात्या. तात्या म्हणजे सासरे, येडूतात्या. सांगोल्याकडं मेंढरं राखण्यात जन्म गेला. मोतीबिंदू काढायला म्हणून आले होते, आणि डॉक्टरांनी दिलेला मोठा काळा चष्मा लावून दिवसभर गॅलरीत बसायचे. त्यांना या गाडीचं पहिल्यापासून भ्या. मेंढरू बिथरलं तर कान धरून वळवता येतं. हिचे कान कुठं? नात रोज तिच्यात बसून जाते हे बघून त्यांचा सकाळचा चहा घशाखाली उतरायचा नाही. म्हणून तर उचकीच्या आदल्या दिवशी, अमावास्येला, त्यांनी गाडीची जातीनं पूजा केली होती. साधी नव्हे. लोक चाकापुढं नारळ फोडतात. तात्यांचं म्हणणं, चाकाला काय कळतंय? जीव आत असतो. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, देवीच्या नावानं मूठभर हळदीचा भंडारा आत उधळला आणि नारळाचं पाणी थेट इंजिनाच्या माथ्यावर घातलं.

"येवढं करूनशान बी दिष्ट लागली," तात्या आता काळ्या चष्म्यातून गाडीकडं बघत म्हणाले. "लईच वंगाळ नजर हाय कुनाची तरी."

सुकन्यानं रजा टाकली, आणि नवल म्हणजे दोनेक दिवस उन्हात उभी राहून गाडी आपोआप सुधारली. महिपतीकाका म्हणाले, उतार. अजिनाथ म्हणाला, नेटवर्क आल्यावर मी बॅटरीची तार काढून लावायला सांगितली ना, त्याचा गुण. तात्यांनी देवीला हात जोडले, आणि केलेले उपकार विसरू नयेत म्हणून परत बॉनेट उघडायला लावून आणखी एक नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी, कुंभारीच्या अलीकडंच, उचकी.

समोरच्या फ्लॅटमधल्या झीनतनं मग आपल्या मामूंचं नाव सुचवलं. "भाभी, आमच्या मामूंकडं मशीन हाय. गाडीला लावलं की गाडी खुद बोलती, मला हितं दुखतंय म्हणून." लालसाबमामूंचं गॅरेज होतं आणि मामू बोलायला गोड होते. त्यांनी स्टिअरिंगखाली एक वायर खोचली, हातातल्या मशीनकडं बघितलं आणि नाडी पकडलेल्या डॉक्टरसारखे डोळे मिटले.

"तीन नंबर," ते म्हणाले. "तीन सिलिंडर हैं ना बहन, त्यातला तीन नंबरचा मिसफायर मारायलाय. समजो तीन भाई कमवायलेत, आणि धाकटा उठेचना. प्लग बदलतो."

तिघं भाऊ तिला लगेच कळले. इंजिन इतकं सोपं असेल असं पाठ्यपुस्तकात कधी वाटलं नव्हतं. मामूंनी आत हात घातला, काहीतरी उपसलं, आत वाकून बघितलं, आणि हात फडक्याला स्वच्छ पुसून घेतले. मग खाली मान घालून फार हळुवारपणे काम केलं. गाडी मांजरीसारखी गुरगुरायला लागली. सुकन्याला इतकं हायसं वाटलं की घरी येताना ती विनाकारण सात रस्ता चौकावरून फिरून आली.

तात्या खाली नारळ सोलून उभेच होते.

त्यानंतरची ती सकाळ सुकन्या कुणाला सांगत नाही. पुढं कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर होता, समोरचा रस्ता मोकळा दिसला आणि ती ओलांडायला बाहेर आली. गाडी ट्रॅक्टरच्या बरोबरीत आली आणि तिथंच धाकटा भाऊ झोपला. तिनं पाय जमिनीला लागेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबला. गाडी थरथरली, कण्हली, आणि ट्रॅक्टरच्या शेजारी तशीच, वरातीत चालल्यासारखी चालत राहिली. समोरून खडीचा डंपर आला. पुढं सरकता येईना, मागं राहता येईना. डंपरचे दिवे मोठे होत गेले. ट्रॅक्टरवाल्यानं काय बघितलं कुणास ठाऊक, त्यानं ट्रॅक्टर थेट शेतात उतरवला, आणि डंपरनं तिच्या आरशाला वारा घालून वाट काढली. सुकन्यानं गाडी थांबवली. उतरून मागचं दार उघडलं. मायाक्कानं तिच्याकडं बघून लाळेचा बुडबुडा केला. सुकन्यानं तिच्या पोटात तोंड खुपसलं आणि बराच वेळ काढलंच नाही. ट्रॅक्टरवाला शेतातून ओरडत होता, त्यातली एकही शिवी तिला चुकीची वाटली नाही.

घरी तिनं सांगितलं नव्हतं. पण ट्रॅक्टरवाला शिवबाईंचा पुतण्या निघाला, शिवबाईंनी फोन केला, आणि फोन तात्यांनी उचलला.

तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. "सूनबाय, सोमवारपतूर गाडी धड झाली तर झाली. न्हायतर मायाक्काला मी सांगोल्याला नेतो. उनाळा सरला की आनतो माघारी. शेळीचं दूद हाय घरचं. तुजा नवरा त्याच्यावरच वाडला."

"ती राहायची नाही तात्या."

"ऱ्हाईल. जित्ती तर ऱ्हाईल."

तिला राग येत होता, पण रागाच्या खाली तीच भीती होती, तात्यांच्या आवाजातली. फोनवर अजिनाथही म्हणाला, दोनच महिन्यांचा प्रश्न आहे. दोन महिन्यांनी दूध आटलेलं असेल आणि लेकरू सांगोल्यातल्या आजीला आई म्हणत असेल, हे त्याला पुलावरून दिसत नव्हतं.

शनिवारी ती गाडी घेऊन कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपला गेली. तिथं काचेच्या खोलीत थंडगार हवा होती आणि टाय लावलेला एक तरुण होता.

"तक्रार काय मॅडम?"

"झटके देते."

"दाखवा."

गाडी आवारात चकरा मारून आली. एक झटका नाही. परक्या घरी आलेल्या पोरासारखी शहाण्यासारखी वागली.

"झटका दिसल्याशिवाय सिस्टिमला घेता येत नाही," तरुण म्हणाला. "आणि प्लग बाहेर बदललाय तुम्ही. मग वॉरंटी..." त्यानं हात अशा तऱ्हेनं पसरले की वॉरंटी उडून गेलेली तिला प्रत्यक्ष दिसली. "मॅडम, गाडी कोण चालवतं?"

"मीच."

"हां." या एका 'हां'मध्ये त्याचं सगळं निदान होतं. "क्लचवर पाय ठेवून चालवत असाल. लेडीजची सवय असते. मिस्टरांना घेऊन या एकदा."

मिस्टरांना बॅटरी आणि इंजिन वेगळं ओळखता येतं एवढंच, असं तिला सांगायचं होतं. तिनं किल्ली उचलली. फाटकाबाहेर पडताच गाडीनं झटका दिला. तिनं ताबडतोब मागं वळून आत नेली, तर रखवालदार म्हणाला, शनिवारी अर्धाच दिवस असतो, आता सोमवारी या. सोमवारी! तिनं पहिल्यांदाच भर रस्त्यात डोळे पुसले, आणि तेही सिग्नल लागल्यावर, नियमानं.

रविवारी ती परत लालसाबमामूंकडं गेली. मामूंनी मशीन लावलं. तीन नंबर. मामूंचा चेहरा पडला. "अब क्या करूं बहन. प्लग नवा हाय."

"उघडा. मी बघणार आहे."

"तुम्ही बसा ना उधर, चाय मागवतो."

"मामू, उद्या माझं लेकरू जाणार आहे. मी बघणार."

मामूंनी काहीशा नाइलाजानं तीन नंबरवरची, प्लगला वीज देणारी कॉइल ओढून काढली. आत एक खोल भोक होतं, विहिरीसारखं. त्याच्या तळाशी प्लग बसतो. सुकन्या वाकली. आधी तिला वास आला. पेट्रोलचा होताच, पण त्याच्याखाली दुसरा एक होता, आंबूस, ओळखीचा. विटलेल्या कालवणासारखा. मग तिनं मोबाइलचा उजेड आत पाडला. विहिरीच्या तळाशी पिवळाधम्मक राडा होता, आणि त्यात खोबऱ्याचा एक छोटासा तुकडा बसलेला होता.

ती हळूहळू सरळ झाली. अमावास्येचा नारळ. मग उचकी. गाडी सुधारली, नारळ. मग उचकी. प्लग बदलला, नारळ. मग डंपर.

"मामू," ती म्हणाली, "हे मागच्या वेळीही होतं?"

लालसाबमामू हातातल्या पान्याकडं बघत राहिले. "था ना."

"मग?"

"मग काय बहन! पिवळं बघितलं, खोबरं बघितलं, समजलो तुमच्या देवाचं हाय. दुसऱ्याच्या देवाच्या वस्तूला मी कसा हात लावू? बुजुर्गांनी ठेवलं असेल काहीतरी मन्नत करून. मी चमच्यानं अलगद बाजूला काढलं, प्लग बदलला, आणि..." ते जरा थांबले, "जसं होतं तसं परत ठेवलं."

"परत ठेवलं?"

"थोडा सांडलेला, वो भी गोळा करके डाला. बेअदबी नको."

सुकन्याला हसू आलं आणि तेवढ्यात डंपरचे दिवे आठवले, त्यामुळं जो आवाज बाहेर पडला तो धड हसण्याचा नव्हता. मामू घाबरून पाणी आणायला पळाले. मग त्यांनी तिच्याकडून तीनतीनदा परवानगी घेऊन ती विहीर हवेनं फुंकून, पुसून कोरडी केली, गंजलेली कॉइल बदलली, आणि काढलेला भंडारा कागदात बांधून तिच्या हातात दिला. फेकायला त्यांचा हात झाला नाही. तिचाही झाला नाही.

घरी येताना तिला गाडीचं भ्या नव्हतं. तात्यांचं होतं. ज्या माणसानं नातीच्या काळजीनं देव इंजिनात नेऊन बसवला, त्याला जाऊन काय सांगायचं?

तात्या फाटकातच होते. हातात नारळ. "झाली?"

"झाली."

"मग उगड बॉनेट."

सुकन्या उतरली आणि बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून उभी राहिली. बॉनेट तापलेलं होतं. तिनं हात काढले नाहीत. सासऱ्यापुढं अशी ती कधीच उभी राहिली नव्हती. वरच्या गॅलरीत महिपतीकाका येऊन थांबले.

"तात्या, आत पाणी चालत नाही."

"पानी कुटं? नारळाचं हाय."

"तेच आत जाऊन साचलं. भंडारा पण. त्यानंच गाडी बंद पडत होती." मग एका दमात, थांबलं तर धीर जाईल म्हणून, तिनं सगळं सांगितलं. विहीर, खोबरं, मामूंनी परत ठेवलेला भंडारा.

तात्यांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढायचा नाही म्हणून बजावलेलं. ऊन डोळ्यांत जात होतं तरी ते गाडीकडं बघत राहिले. "म्हंजी त्या डंपराम्होरं पोर मीच निऊन उबी केली."

आपण जिंकलो, असं सुकन्याला वाटायला हवं होतं. तात्या हातातला नारळ पाठीमागं लपवताना दिसले आणि तिला काहीच जिंकल्यासारखं वाटेना. "भ्यायलात म्हणून केलंत," ती म्हणाली. "मी पण भिते तात्या. रोज. वळसंग येईपर्यंत देवीचं नाव घेत असते."

"तू बी?"

"मग काय!"

तात्यांनी चष्मा चढवला. "उद्या मी बसतो मागं," शेवटी ते म्हणाले. "लेकराजवळ. धड गेली तर बगू. न्हायतर वळसंगातनंच मी हिला घिऊन जातो."

सोमवारी तात्या धोतर सावरत मागं बसले. नारळ त्यांनी चाकापुढं फोडला, पाणी डांबरावर जाऊ दिलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. गाडी निघाली. आसरा चौक गेला, अक्कलकोट रोड लागला, ट्रक शेजारून गेले. एक उचकी नाही. इतकं गुळगुळीत, की सुकन्याला घाम फुटला.

"आवाज का न्हाय येत?" तात्यांनी मागून विचारलं. "बंद हाय का काय?"

"चालूच आहे."

"मग बोलती का न्हाय?"

"बऱ्या गाडीला आवाज नसतो तात्या."

तात्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही. दोघंही कान देऊन बसले. कुंभारी आली, आणि मागून एकदम भोंगा वाजला. मायाक्का रडायला लागली. खुळखुळा नको, बिस्कीट नको, आजोबांचा चष्मासुद्धा नको. या दिवसांत ती इथवर आली की डोळे मिटायची, हे सुकन्याला आत्ता ध्यानात आलं. लेकराला वाटत असेल, हा आपला पाळणाच आहे. आज पाळणा हलवायला सगळे विसरले.

"थांब, थांब," तात्या म्हणाले. त्यांनी मांडीखालचा हात काढून त्या छोट्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि हळूच एक झटका दिला. मग थोडं थांबून दुसरा. रडणं अडखळलं. "हं... ठक्... हं... ठक्..." तोंडानंही सुरू झालं. मायाक्काच्या पापण्या जड झाल्या.

"सूनबाय, हिला ह्याचीच सवं लागली की," तात्या दबक्या आवाजात म्हणाले. "सांगोल्यात हिला ह्ये कोन देनार? मेंढरं? ऱ्हाऊ दे हितंच." आणि घाईनं, "तू म्होरं बग. डंपर येतोय."

डंपर आला आणि वारा घालून गेला. सुकन्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते, ओठांवर देवीचं नावही होतंच. गाडी मात्र कुठंही न अडखळता वळसंगकडं चालली होती, आणि मागच्या सीटवर तात्या डोळे मिटून, मान डोलवत खुर्चीला झटके देत होते : तीन नंबर जोरात मिसफायर मारत होता.